चार घोषणांत बारा महिने

योहान,

पत्रकाचा मजकूर कालपासून माझ्या पिशवीत पडून आहे. एक पान, दोन्ही बाजू. तू असतास तर पहिली ओळ वाचूनच म्हणाला असतास, "रूथ, किती मोठ्याने लिहितेस." मथळा आहे, 'योहान वसावेचा जीव कोणी घेतला?' खाली चार मागण्या. नवापूरच्या छापखानावाल्याचा दोनदा फोन येऊन गेला. रविवारी प्रार्थनेनंतर गावात बैठक आहे, तुझ्या संघाचा माणूस येणार आहे, त्याच्या हातात हे पत्रक ठेवायचं आहे. मावशीने, म्हणजे तुझ्या आईने, मला सांगितलं, तूच लिही, तुला लिहिता येतं.

येतं मला. सहा वर्षं दुसरं केलंय काय? रेशनच्या धान्यासाठी, वनजमिनीच्या दाव्यांसाठी, पाड्याच्या रस्त्यासाठी, आश्रमशाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी. जबाबदार कोण, हे मी पहिल्या तीन ओळींत लिहून मोकळी होते. याही पत्रकात लिहिलंय. संघाचे मालक. मैदानावरचा डॉक्टर. प्रशिक्षक. स्पर्धा भरवणारे. एक नाव राहिलंय, माझं. ते घालायचं की नाही हे माझ्याच्याने ठरत नाही, म्हणून पत्रक पिशवीत आहे. आणि तुला मातीत ठेवून आज अकरा दिवस झाले.

संघाचं पत्र परवा आलं. आधी दुःख, मग मुद्दा. 'खेळाडूची मैदानावर तत्काळ तपासणी करण्यात आली. त्याने सर्व प्रश्नांची अचूक उत्तरे दिली. चित्रफीत उपलब्ध आहे.' सरपंचांनी ते मोठ्याने वाचलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, की आता रूथ काहीतरी तोडून टाकणारं बोलेल. मी हात पुढे करून पत्र घेतलं आणि घडी घातली. उत्तरं अचूक होती हे खरंच आहे. ती मीच तुझ्याकडून पाठ करून घेतली होती.

हे मी मराठीत लिहितेय, याचंही तुला हसू आलं असतं. आपण दोघं एकमेकांशी मराठी बोललो ते फक्त शाळेत आणि भांडताना. आपल्या बोलीत भांडलं की मध्येच हसू यायचं, म्हणून भांडण सरकारी भाषेत. आता जे लिहायचंय त्यात हसू यायला नको आहे.

आठवीत होतो. क्रीडाशिक्षक कुठल्याशा शिबिराहून रग्बीचा तो लांबट चेंडू घेऊन आले आणि वर्गाने त्याचं नाव पपई ठेवलं. शाळेला मैदान नव्हतं, भात कापलेलं शेत होतं. धसकटांवर अनवाणी. मुलीही खेळायच्या, मी दोन महिने खेळले, एक दात हलला, मग नियमांवरून सरांशी वाद घालत बसले. पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे, हा कसला नियम? सर समजावत होते, मी ऐकत नव्हते, आणि तेवढ्यात तू पपई उचलून शेताच्या त्या टोकाला पोहोचलाही होतास. धसकट टोचू नये म्हणून गुडघे उचलून पळायचास. पुण्याच्या शिबिरात प्रशिक्षकाने विचारलं होतं ना, ही गुडघ्यांची पद्धत कोणी शिकवली? तू कोणाचं तरी नाव सांगायचं म्हणून सरांचं सांगितलंस. सरांनी ते आयुष्यभर मिरवलं. अंत्यविधीलाही मिरवत होते. एरवी मी त्यांना सुनावलं असतं.

जिल्हा, मग राज्य, मग मोठं शहर, मग लीग. तुझं नाव लिलावात गेलं त्या दिवशी मी फोनवर तुला झोडपलं. माणसाचा लिलाव होतो का? तू लाज वाटून घेशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालास, सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघतात, इथे गुडघे बघितले, दात कोणी विचारले नाहीत, तेवढी तरी सुधारणा आहे. मी फोन ठेवून दिला आणि मग एकटीच हसले. तेही तुला कधी सांगितलं नाही.

टीव्हीवर तुला सातपुड्याचा चित्ता म्हणायला लागले. नवापूर सातपुड्यात नाही, एवढं नकाशात बघायचे कष्ट नको घ्यायला? आणि चित्ता का? शहरातल्या पोरांना कोणी जनावर म्हणत नव्हतं. मी निषेधाचं पत्र लिहिलं, तुला वाचून दाखवलं. तू शांतपणे म्हणालास, "चित्ता तरी म्हणतात. शाळेत काय म्हणायचे आठव." ते पत्र मी पाठवलं नाही. तो वाद आपला अर्धाच राहिला. माझं म्हणणं अजूनही बदललेलं नाही.

सुट्टीत आलास की नवापूरला जीपवाला बापूभाऊ भरल्या जीपमधून दोघांना मागे ढकलायचा. "हाऊ आपला पोऱ्या शे, याले पुढं बसू द्या." तू संकोचून मागेच लटकायचास. तो ओरडायचा, हात मोडला तर टीव्हीवाल्यांना काय सांगू.

आणि मी काय करत होते? तुझा फोटो वापरत होते. रस्त्याच्या पत्रकावर, टाकीच्या पत्रकावर. जर्सी घातलेला, पपई काखेत. साधं पत्रक लोक बाजारात भजी ठेवायला वापरतात. तुझा फोटो असला की घडी करून खिशात ठेवायचे. हे मला फार लवकर कळलं. तू खेळत राहायला हवा होतास, योहान. मावशीला हवा होतास त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी, पण मलाही हवा होतास.

मागच्या वर्षीची गोष्ट. दुसरा हंगाम. तुझं डोकं कुणाच्या तरी कोपरावर आदळलं. नियमाप्रमाणे तुला बाजूला घेतलं. डोक्याला मार लागला की विचारतात, आपण कुठे आहोत, सामना कुणाशी, आणि मग वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात. इंग्रजी महिने, डिसेंबरपासून मागे. तू नोव्हेंबरलाच थांबलास. तीन सामने बाहेर बसवलं. बाकावरून फोन केलास.

मी विचारलं, डोकं दुखतंय का.

"नाही गं. ऑक्टोबर आठवला नाही."

"एरवी आठवतो?"

"एरवी तरी कुठे."

हंगामाआधी, डोकं धड असताना, हीच परीक्षा घेतात, ती नंतर ताडून बघायला. तेव्हाही तू अडकला होतास आणि व्यायाम घेणारा पोरगा हसला होता, म्हणे याला मार लागला तरी कळायचं कसं. हे सांगताना तूही हसलास. मी पेटले. म्हटलं, ही डोक्याची परीक्षा नव्हेच, ही इंग्रजी शाळेची परीक्षा आहे. ज्याच्या घरात कॅलेंडर फक्त दुधाचे खाडे मांडायला लागतं, त्याला उलटा ऑक्टोबर विचारता?

बरोबर होतं ते. आजही बरोबर आहे. अशा वेळी मी काय करते हे तुला माहीत आहे. कागद काढते. खेळाडूला त्याच्या बोलीत विचारा, त्याच्या माहितीतलं विचारा, असं एक पान लिहून मालकांना, स्पर्धावाल्यांना, वर्तमानपत्राला पाठवायला हवं होतं. सहा वर्षांत ज्या एका पत्रकाने एक जीव नक्की वाचला असता, ते मी लिहिलं नाही. कारण त्याला वेळ लागला असता. तोवर तुला पुन्हा बाहेर बसवलं असतं. आणि आमचं रस्त्याचं आंदोलन ऐन रंगात होतं, पुढच्या पत्रकाला मला बाकावर बसलेला योहान चालला नसता.

म्हणून मी सोपा रस्ता काढला. मला एकच गोष्ट पक्की येते, न वाचता येणाऱ्या माणसांच्या तोंडात शब्द बसवणं. सुट्टीत आलास तेव्हा अंगणात उभं करून तुला शिकवलं. बारा महिन्यांच्या चार घोषणा केल्या, एकेकीत तीन महिने, 'जल, जंगल, जमीन'च्या चालीवर. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर! आणि शेवटी मांडीवर थाप. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै! थाप. मी म्हणायचे, तू उचलायचास. पहिल्या दिवशी तू जुलैनंतर 'झिंदाबाद' म्हणालास आणि आपण दोघं पोट धरून हसलो. चौथ्या दिवशी तुला ते झोपेतून उठवलं तरी येत होतं.

झोपेतून उठवलं तरी. मी हेच शब्द वापरले होते, अभिमानाने. मोर्च्यात मी पाहिलंय, उन्हात चक्कर येऊन पडलेली बाई शुद्धीवर येताना आधी घोषणेला ओ देते, मग पाणी मागते. घोषणेला डोकं लागत नाही. मला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. माझा धंदाच तो.

शेवटचा सामना मी संघटनेच्या खोलीत पाहिला. एक फोन, आम्ही सहाजण. तू एकाला पाडायला खाली गेलास आणि त्याचा गुडघा तुझ्या कानामागे बसला. आवाज आला नाही, पण खोलीत सगळ्यांनी दात आवळले. तू उशिरा उठलास. मैदानाच्या कडेला नेलं. कॅमेरा जवळ गेला. तुझे ओठ हलत होते, आणि उजवा हात मांडीवर पडत होता. एक. दोन. तीन. चार.

मी टाळी वाजवली, योहान. सगळ्यांना म्हणाले, बघा, पास झाला.

तुला परत आत पाठवलं. थोड्या वेळाने दोघांच्या खाली सापडलास, पुन्हा उठलास, सामना जिंकलात. शेवटी हात मिळवायला दोन्ही संघ रांगेत उभे राहतात, तर तू समोरच्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलास. तुझ्याच माणसांशी हात मिळवत गेलास. समालोचक हसले. मीही हसले. माझ्या शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, ताई, याला काहीतरी होतंय का? मी म्हटलं, मस्करी करतोय, घरीपण असाच करतो.

दोन दिवसांनी गाडीने घरी आलास. सोबत कुणी नाही, हातात कागद नाही, डोकं सांभाळ असा निरोपसुद्धा नाही. हे त्यांचं पाप आहे, ते मी पत्रकात लिहिलंय आणि एक शब्दही मागे घेणार नाही. घरामागच्या सावलीत डोळ्यांवर टॉवेल टाकून बसून राहायचास. उलट्या झाल्या तर मावशी म्हणाली, शहराचं जेवण बाधलं. तिसऱ्या दिवशी मी आले, फोटोसाठी. रस्त्याच्या खडीवर उभा राहा, जर्सी घाल, पाच मिनिटांचं काम. तू नकाराची मान हलवलीस. मी सुरू झाले, मराठीत. मोठा माणूस झालास, आता गावाचं तुला काय, वगैरे. तू टॉवेल न काढता म्हणालास, "उद्या बोलू, रूथ. आवाज लागतो."

सहा वर्षं मला हेच ऐकवतात, तहसीलदारापासून गावातल्या म्हाताऱ्यांपर्यंत, की पोरीचा आवाज लागतो. मला वाटलं, तूही. मी पाय आपटत निघून गेले. तुझं माझ्याशी ठरवून बोललेलं शेवटचं वाक्य ते, आणि त्याचा अर्थ एवढाच होता की तुला आवाज लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपाजवळ पडलास. बापूभाऊच्या जीपमधून सुरतेला निघालो आणि सोनगडच्या अलीकडे तू गेलास. नंतर ज्या डॉक्टरने शवविच्छेदन केलं तो आपल्याच वयाचा होता. त्याने मला बाजूला नेऊन सांगितलं, आत दोन वेळचं रक्त आहे. पहिल्या माराला बाहेर बसवलं असतं तर बहुतेक वाचला असता. मग त्याने मला विचारलं, मैदानावरच्या तपासणीत कसा काय पास झाला? मी म्हटलं, माहीत नाही. हे मी बोललेलं पहिलं खोटं नाही, पण पत्रक लिहिणारीने बोललेलं पहिलं.

आज सकाळी मावशीला सांगितलं. रविवारी लोक जेवायला थांबतील म्हणून ती ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, ऑक्टोबरपासून टाळीपर्यंत. तिचे हात थांबले नाहीत. मी गप्प झाल्यावर तिने एक खडा वेचून अंगणात टाकला.

"ते महिने होते?"

"हो."

"मला वाटलं, त्याच्या संघाचं गाणं आहे." मग म्हणाली, "तो दारात फेऱ्या मारत म्हणायचा. मीपण म्हणायचे त्याच्या मागून."

आणि तिने म्हटलं. आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही ती बाई, जिचं वर्ष पेरणीवर आणि नाताळावर चालतं. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, आणि सुपावर थाप. एक महिना इकडचा तिकडे नाही. जानेवारीला पोहोचून चौथी थाप मारली तेव्हा सुपातले तांदूळ सांडले.

"आता सांग," ती म्हणाली. "माझं डोकं ठिकाणावर आहे?"

मी सांडलेले तांदूळ वेचायला हात पुढे केला.

"रोज त्याचं ताट वाढते मी. वाढून झालं की आठवतं. काल दूध उतू गेलं ते बघत उभी राहिले. पण हे येतं मला." सांडलेले तांदूळ गोळा करत राहिली. "रविवारी त्या माणसासमोर म्हणून दाखवते. मग तू त्याला विचार, मला घेतो का खेळायला."

मी विचारलं, मावशी, पत्रकात माझं नाव लिहू का. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"पहिलं तुझं लिही. मग त्यांची." आणि सूप घेऊन उठताना म्हणाली, "आज जेवायला थांबू नको."

या घरात मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

इथवर लिहून झाल्यावर आत्ता मथळ्याखाली पहिलं नाव लिहिलंय. उद्या छापायला देईन. गावातले म्हणतील, हिने संघाच्या हातात कोलीत दिलं. म्हणू दे. तपासणीला अर्थ नव्हता, हे माझं नाव लिहिल्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि मांडीवरच्या चार थापा त्यांच्याच चित्रफितीत आहेत. पाचवी मागणीही लिहिली. खेळाडूला महिने विचारू नका. त्याच्या घरापासून बाजारापर्यंत वाटेत काय काय लागतं, ते विचारा.

ती मागणी मला कुठे सुचली ते कोणालाच माहीत नाही. तुलाही नसेल. त्या सकाळी बापूभाऊ सवयीने बोलायला गेला, "याले पुढं..." आणि मध्येच थांबला. तुला मागे आडवं घातलं होतं, डोकं माझ्या मांडीवर. तू डोळे मिटायला लागलास तशी मी तुझ्या कानाशी वाकले आणि आपल्या बोलीत, हळू आवाजात, विचारत राहिले. हातपंप गेला, योहान, आता काय येईल? तू म्हणालास, चर्च. चर्च गेलं, आता? मोरी. बरोबर, ओढ्यावरची मोरी. आता काय येईल?

चर्च, म्हणालास.

नाही रे, चर्च गेलं. मोरीनंतर काय? लहानपणी रोज उतरायचो तिथे. सांग. फाटा गेला, रेल्वेचं फाटक गेलं, नवापूर गेलं, मी विचारतच होते. जी वाट तू डोळे बांधून चालला असतास, तिच्यात तू मोरीवर अडकला होतास. तेव्हा मला कळलं की तुझं डोकं ठीक नाही.